घर क्रमांकाचा रकाना

“भाऊ, ही दोनशे अकरा नावं मशीन लेत नही,” प्रमिलाबाई म्हणाल्या. पडद्यावरची नजर न हलवता, चहा गार झाला म्हणून सांगावं तशा आवाजात. जीवराम फेगडेला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. साडेअकरापासून तो त्या लोखंडी स्टुलावर बसून होता. मांडीवर यादीचा गठ्ठा, गठ्ठ्यावर रुमाल, रुमालावर चष्म्याचं घर. खाली आग्रा रोडवरून ट्रक गेला की खोलीची काच थरथरायची आणि मशीनच्या पडद्यावरची अक्षरंही क्षणभर थरथरल्यासारखी व्हायची. ‘घेत नाही’ म्हणजे काय? तीस वर्षं कागदानं घेतली ती नावं. टाकानं घेतली, बॉलपेननं घेतली, सायक्लोस्टाइलच्या मेणकागदानं घेतली. मशीननं तोंड फिरवून बसायला ते काय रुसलेलं पोर आहे? असलं काही तो कधीच बोलून दाखवत नसे. त्याने फक्त विचारलं, “कोणती नावं?” आणि विचारतानाच आपला आवाज नको इतका नम्र झालेला त्याला ऐकू आला, आणि त्या नम्रपणाचाच त्याला संताप आला.

नावं हिवरपाणीची होती. सातपुड्यातला पाडा. तालुक्याच्या गावापासून जीपनं पायथ्यापर्यंत आणि पुढे दोन तास पायी. जीवराम त्या तालुक्याच्या कचेरीत निवडणूक शाखेचा अव्वल कारकून होता, आणि त्या वर्षी वरून हुकूम आला होता की सगळ्या मतदार याद्या कॉम्प्युटरवर चढवून फ्लॉपीत घालून द्यायच्या. टंकनाचा ठेका धुळ्याच्या एका संस्थेनं घेतला होता, म्हणून जळगाव जिल्ह्याची माणसं छापून यायला धुळ्याला, प्रमिलाबाईंच्या मशीनवर, जात होती. फैजपूरहून पहाटेची एस.टी., भुसावळ, जळगाव, पारोळा करत चार-साडेचार तास. ही त्याची तिसरी खेप. पहिल्या खेपेची फ्लॉपी त्याने जपून, शर्टाच्या आत धरून नेली होती, आणि कचेरीतल्या जावक बारनिशीवाल्यानं, म्हणजे बाहेर जाणारे कागद नोंदणाऱ्यानं, प्रत्येक कागद टॅगमध्ये ओवला पाहिजे या नियमानं, पंचमशीननं तिला भोक पाडून फायलीत ओवून टाकलं होतं. दुसऱ्या खेपेला सगळे रफार उडाले. अख्ख्या तालुक्यातले सूर्यभान सूयभान झाले आणि पार्वताबाई पावताबाई. आज सकाळी डब्यात कळण्याची भाकरी घालताना बायको लता म्हणाली होती, “आज पुन्हा धुळ्याले? तुमच्या कचेरीत दुसरं कोनीच नही का?” दुसरे होते. पण दुसरे चुका करत असत, म्हणून त्यांना कोणी पाठवत नसे. आपण चुका करत नाही, हाच आपल्या आयुष्यातला जाच आहे असं त्याला एस.टी.च्या खिडकीशी डोकं आपटत असताना वाटलं होतं.

“घर क्रमांकाचा रकाना रिकामा शे,” प्रमिलाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “रिकामा ठेवा का मशीन टुंई करस अन् पुढे जात नही. हाई देखा.” मशीन टुंई करून थांबलं.

“तिथं घरांना क्रमांक नाहीतच,” जीवराम म्हणाला. “वनगाव आहे ते. ग्रामपंचायत नाही, घरपट्टी नाही. आम्ही नेहमी आडवी रेघ मारतो.”

“रेघबी लेत नही.”

“शून्य टाका.”

“टाकी देखं. शून्य म्हंजे नाव कमी करेल, असं समजस ते.”

“मग सगळ्यांना एक टाका. एक नंबरचं घर.”

प्रमिलाबाई पहिल्यांदा त्याच्याकडे वळल्या. चाळिशीच्या, कपाळावर बारीक घाम, गळ्यात चष्म्याची दोरी. “भाऊ, एक घरमा वीसना वर माणसं व्हयनात का ते बठ्ठी नावं संशयित यादीमा फेकस. मी काय करू? मी थोडंच बनाडेल शे हाई मशीन?” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “तुम्हना साहेबले फोन करी लेवा. पाच वाजता मी उठसू. सासूले दवाखानामा लई जानं शे.”

जिन्याखाली एस.टी.डी. बूथ होता. तहसीलदारसाहेबांनी फोन घेतला तेव्हा मागे कोणीतरी हसत होतं. जीवरामनं सगळं क्रमानं सांगितलं, रिकामा रकाना, शून्य, वीसच्या वर माणसं. क्रमानं सांगितलं की माणसं ऐकून घेतात असा त्याचा अजूनही समज होता. “फेगडे,” साहेब म्हणाले, “मला कारणं सांगू नका. उद्या अकराला फ्लॉपी जळगावला कलेक्टर कचेरीत पाहिजे. बाकी सगळे तालुके देऊन बसलेत. एवढंच असेल तर ती नावं वगळा. पुरवणीत घेऊ.” आणि फोन ठेवला. तो बूथमध्ये तसाच उभा राहिला. काचेवर कोणीतरी बोटानं बदाम काढला होता. पुरवणीत घेऊ. हे वाक्य त्याने स्वतः किती लोकांना ऐकवलं होतं! लग्न होऊन आलेल्या सुनांना, बदली होऊन आलेल्या मास्तरांना, कचेरीच्या पायरीवर टोपी काढून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना. पुरवणी यादी निघायची, नाही असं नाही. पण तिच्यात नाव यायचं ते तालुक्याला चार खेपा घालू शकणाऱ्याचं. हिवरपाणीचा माणूस पुरवणीसाठी डोंगर उतरून येणार नाही, हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. आपल्याला वाटतं, आणि वाटूनही आपण ‘हो साहेब’ म्हटलं. म्हटलं का? फोन ठेवल्यावर म्हटलं होतं, रिकाम्या रिसीव्हरमध्ये. शी!

जिना चढताना त्याच्या डोक्यात ते आलं. घरांना क्रमांक नाहीत, पण घरं तर आहेत. आणि आपण ती पाहिली आहेत. अकरा वर्षांपूर्वी त्या पाड्याची यादी नव्यानं करायला तोच गेला होता, तेव्हा तो साधा कारकून होता आणि त्याचे गुडघे चांगले होते. नंतरची नावं तलाठ्यानं वेळोवेळी जोडली, पण मूळ यादी त्याच्या हातची होती. घरं आठवायची, एकापाठोपाठ एक, आणि क्रमांक देत जायचं. कोणाचं नुकसान आहे त्यात? खोटं आहे, पण रेघही काय मोठी खरी होती? त्याने स्टूल टेबलाजवळ ओढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाला, “मी नंबर सांगतो. तुम्ही टाका.”

“कुठून सांगशात?”

“मला माहीत आहेत.”

नियमाप्रमाणे घरांचे क्रमांक वायव्येपासून सुरू करायचे असतात. वायव्य कुठली? त्याने डोळे मिटले. त्या दिवशी सकाळी पाड्यात शिरताना ऊन डाव्या खांद्यावर होतं, शर्टाची डावी बाहीच तेवढी तापली होती. म्हणजे तोंड दक्षिणेला. म्हणजे उजवीकडचं पहिलं घर, कुडावर पांढरी माती सारवलेलं, दारात मोहाची फुलं वाळत घातलेली, आंबूस गोड वास. खुमसिंग, त्याची बायको रेशमी, म्हातारी आई. “एक,” तो म्हणाला. प्रमिलाबाईंनी एक दाबला. मशीन गप्प राहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलं. दोन, तिथं कोंबड्यांचं टोपलं उंच टांगलेलं. तीन आणि चार, भाऊ-भाऊ, मध्ये एकच कूड. पाच, तिथल्या बाईनं नवऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं, शेजारणीनं हसत हसत सांगितलं होतं. यादीवर बोट सरकत होतं. बापाचं नाव सारखं असेल ते एका घरात, नवऱ्याचं नाव जुळेल तिथं बाई. किती स्वच्छ आठवतंय! स्वतःच्या लग्नातली माणसं त्याला इतकी आठवत नव्हती. फैजपूरच्या ज्या घरात तो चाळीस वर्षं राहत होता, त्याच्या शेजाऱ्यांची दारं एकामागून एक सांग म्हटलं असतं तर तो पाचव्या दाराशी अडखळला असता. चौदा, पंधरा. पाड्याची वाट खाली उतरते. एकवीस, तिथं त्याला माठातलं पाणी दिलं होतं, पाण्याला धुराचा वास. सत्तावीस, अठ्ठावीस. त्याला बरं वाटू लागलं होतं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. प्रमिलाबाईंची बोटं पटापट चालत होती, त्यांनी एकदा कौतुकानं मान हलवली. एकतीस. आणि एकतीस म्हटल्यावर तो थांबला.

“बत्तीस?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

बत्तीस आठवेना. एकतिसाव्या घरापुढे वाट होती, वाटेपुढे नाला होता, नाल्यात गोल काळे दगड आणि बारीक धार. आणि नाल्याच्या अलीकडे एक अंजनाचं झाड, त्याच्या सावलीत तो. बसलेला. बूट काढलेला. डाव्या टाचेला फोड. हे त्याला आठवत नव्हतं, इतकी वर्षं आठवलं नव्हतं, आणि आता मात्र फोडाचं ठणकणंसुद्धा जसंच्या तसं आठवलं. दुपारचे दोन वाजले होते. सोबत पायथ्याच्या गावचा कोतवाल होता, वना. वना म्हणाला होता, “पलीकडे काही नही भाऊ, असेच झोपडे आहेत. मले सगळे माहीत आहेत. तुमी सावलीत बसा, मी नावं सांगतो, तुमी लिहा.” आणि त्याने लिहिली होती. नाला न ओलांडता. पलीकडच्या एकाही माणसाचं तोंड न पाहता शंभरावर नावं, वय, बापाचं नाव, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. त्या यादीबद्दल त्या वर्षी त्याचं कौतुक झालं होतं.

मग ती माणसं होती तरी का? वनानं आपल्या मनानं सांगितली असतील. मेलेली सांगितली असतील. खोलीतला पंखा एका लयीत कुरकुरत होता. जीवरामला वाटलं, उठावं आणि सांगावं, वगळा बाई, हे पलीकडचं सगळं वगळा. पण वगळायला तरी काय आधार? माणसं नाहीत याची खात्री नव्हती, आहेत याची नव्हती, आणि खात्री नसताना कोणत्याही कागदावर सही न करणारा असा जो माणूस तो स्वतःला समजत आला होता, तो अंजनाच्या झाडाखाली बूट काढून बसला होता. चीड कोणाची यावी तेही त्याला कळेना. मशीनची, साहेबांची, वनाची, टाचेची.

“भाऊ, साडेचार व्हयनात,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “टाका काहीबी. येवढं कोन देखस?”

“बत्तीस,” तो म्हणाला. आणि मग भराभर, यादीवरून, नुसत्या नावांच्या जुळणीवरून, डोळे उघडे ठेवून, तेहेतीस, चौतीस, सत्तेचाळीसपर्यंत. एकदाही न अडखळता. मशीननं सगळं घेतलं. टुंईसुद्धा केलं नाही.

दुसऱ्या दिवशी जळगावला कलेक्टर कचेरीत फ्लॉपी तपासणाऱ्या माणसानं ती आत सरकवली, वाट पाहिली, आणि म्हणाला, “फेगडेभाऊ, कमाल आहे! जिल्ह्यात तुमचाच तालुका, एकही चूक नाही.” त्याने आणखी दोघांना बोलावून पडदा दाखवला. तहसीलदारसाहेबांना तसं पत्र आलं, साहेबांनी ते सगळ्यांदेखत वाचून दाखवलं, शिपायानं चहा आणला. जीवराम बशी हातात धरून उभा राहिला. त्या आठवड्यात त्याने लताशी दोनदा विनाकारण भांडण काढलं, एकदा वरणात मीठ जास्त झालं म्हणून आणि एकदा कमी झालं म्हणून. “तुम्हाले झालं तरी काय?” तिनं विचारलं. काही झालं नव्हतं. हिशेब लागला होता, यादी पुरी होती, आणि त्याला चालता चालता मध्येच नाला दिसत होता.

माघात छापील याद्या परत आल्या, गावोगाव जाहीर वाचन करून हरकती घ्याव्यात म्हणून. हिवरपाणीला तलाठी जाऊ शकला असता. जीवराम म्हणाला, मी जातो. तलाठ्यानं त्याच्याकडे, वेड लागलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. पायथ्याशी कळलं की वना दोन वर्षांपूर्वीच वारला. पाड्यावर आता वस्तीशाळा होती, तिचा मास्तर सुकदेव, तिशीतला, दाढी वाढलेला, त्याच्यासोबत चढला. जीवराम बावन्न वर्षांचा होता, दर वळणावर थांबत होता, आणि दर थांब्याला स्वतःवर चिडत होता.

अलीकडच्या बाजूला वाचन ठीक झालं. म्हणजे ठीक झालं नाही. पहिल्याच घराला लोक हसले. पाड्यात खुमसिंग दोन होते, एक नाल्याअलीकडचा आणि एक पलीकडचा, आणि नावं जुळवताना जीवरामनं पलीकडच्या खुमसिंगची बायको अलीकडच्याच्या घरात टाकली होती. बायका तोंडावर पदर धरून हसल्या. ती बाई मात्र हसली नाही. “हे सरकारनं लिहिलं?” तिनं सुकदेवला विचारलं.

“मी लिहिलं,” जीवराम म्हणाला. “चुकलं. दुरुस्त करतो.”

मग तो नाला ओलांडून गेला. पाणी घोट्यापर्यंत होतं, आणि ओलांडायला दहा पावलं लागली. दहा. पलीकडे चढावर घरं होती, विरळ, एकमेकांकडे पाठ करून. त्याने बत्तिसावं घर म्हणून पहिलं नाव वाचलं आणि समोर बसलेल्यांतून एक माणूस उठून उभा राहिला. दुसरं नाव वाचलं, एक बाई हात वर करून म्हणाली, “मी.” तिसरं. चौथं. काही वारले होते, त्यांची नावं वाचली की कोणीतरी खाली पाहत असे. पण होते. वनानं सगळे खरे सांगितले होते. जीवरामनं मध्येच थांबून पाणी मागितलं, आणि आपल्याला हायसं वाटायला हवं तर इतका राग का येतोय हे त्याला समजेना.

घरांचे क्रमांक मात्र सगळे भलतेच होते. सुकदेव म्हणाला, “सर, दुरुस्त्या किती भराव्या लागतील?” जीवरामनं मनात हिशेब केला. दर घराला माणशी एक नमुना आठ, दोन प्रती, मग साहेबांची सही, मग धुळे, मग प्रमिलाबाई, मग पुन्हा रफार. सहा महिने. तोवर मतदान होऊन जाईल, आणि केंद्रावरचा कोणी अधिकारी घर जुळत नाही म्हणून माणसाला परत पाठवील. पलीकडच्या खुमसिंगच्या बायकोचा अर्ज भरायलाच हवा होता, तो त्याने तिथंच भरला. बाकीच्यांसाठी एकच गोष्ट लवकर होण्यासारखी होती. “काव आहे का कोणाकडे?” त्याने विचारलं. एका बाईनं वाटीत ती तांबडी माती कालवून दिली, बाभळीच्या काडीचं टोक चेचून कुंचला झाला. आणि अव्वल कारकून जीवराम फेगडे यादी हातात धरून घराघराशी गेला आणि यादीत जो क्रमांक होता तो कुडाच्या पांढऱ्या मातीवर काढत गेला. चौतीसच्या शेजारी एक्केचाळीस. एक्केचाळीसनंतर तेहेतीस. कुंचल्याचे ओघळ येत होते. लोक मागून चालत होते, आपला आकडा आला की थांबून पाहत होते. चुकीचं सगळं त्याने एकदाच, दिवसाउजेडी, स्वतःच्या हातानं भिंतींवर खरं करून टाकलं. उन्हानं त्याचं डोकं भणभणत होतं.

सत्तेचाळीस काढून तो मागे वळला तेव्हा चढाच्या टोकाला आणखी एक घर दिसलं. दारात एक म्हातारा उकिडवा बसला होता. जीवराम तिथपर्यंत चढला. यादी पुन्हा वरून खाली पाहिली. “नाव?” त्याने विचारलं.

“दुरसिंग.”

यादीत दुरसिंग नव्हता. मागून सुकदेव हळूच म्हणाला, “यांचं अन् वना कोतवालाचं पटत नव्हतं. मोहाच्या झाडावरून.”

“कधीपासून राहता इथं?”

“जन्मलो इथं,” म्हातारा म्हणाला. त्याने जीवरामच्या तोंडाकडे नीट पाहिलं, डोळ्यांवर हात धरून. “तू आला होता. खाली झाडाखाली बसला होता, पाय धरून. मी इथून बघत होतो. दिवस बुडेपर्यंत बघत होतो.”

जीवरामला सगळ्या दिवसाचा, सगळ्या वर्षाचा राग एकदम आला. “मग खाली यायचं होतं!” तो ओरडला. “पाच मिनिटांची वाट आहे. नाव सांगायला यायचं होतं ना तुम्ही!”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं. “मोजायला तू आला होता,” तो म्हणाला. “मी कशाला येऊ?”

वाटीतली काव सुकत आली होती. जीवरामनं तिच्यात थुंकी टाकून ती काडीनं पुन्हा कालवली, कुडाजवळ गेला, आणि कोणत्याही फ्लॉपीत नसलेला अठ्ठेचाळीस भिंतीवर मोठा काढला. मग तो म्हाताऱ्याच्या समोर जमिनीवर बसला, पिशवीतून नवं नाव नोंदवायचा, नमुना सहाचा कोरा अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, “बापाचं नाव सांगा.”